मधुमेही साहाय्य गट
मधुमेही साहाय्य गट : मधुमेह जडलेल्या व्यक्तींनी आहार, व्यायाम, औषधयोजना आणि रोगासह जगताना येणाऱ्या दैनंदिन अडचणी यांविषयी एकमेकांना माहिती, अनुभव व धीर देण्यासाठी स्थापन केलेला समूह. अशा गटात वैद्य, परिचारिका वा आहारतज्ञ मार्गदर्शक म्हणून असू शकतात. तथापि गटाचा खरा आधार म्हणजे त्याच रोगाशी दीर्घकाळ सामना केलेली समदुःखी व्यक्ती होय. औषधोपचाराला पर्याय म्हणून नव्हे, तर त्याला पूरक म्हणून या गटांची उपयुक्तता मान्य झालेली आहे. प्रस्तुत नोंदीत त्यांचा उगम व विकास, महाराष्ट्रातील वाटचाल आणि पनवेल परिसरातील पार्श्वभूमी यांचा परामर्श घेतला आहे.

आवश्यकता : इन्शुलीन या प्रवर्तकाची उणीव अथवा शरीरात त्याचा पुरेसा उपयोग न होणे, यांमुळे रक्तातील साखरेचे प्रमाण कायम वाढलेले राहणे, हे मधुमेहाचे प्रमुख लक्षण होय [→ मधुमेह]. विषमज्वर वा फुप्फुसदाह यांसारख्या रोगांत उपचाराची बहुतेक जबाबदारी वैद्यावर असते व ती काही दिवसांत संपते. मधुमेहात याच्या उलट स्थिती असते. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी रुग्ण वैद्यासमोर फार तर काही तास असतो; उरलेल्या काळात काय खावे, किती चालावे, इन्शुलीन केव्हा व किती टोचून घ्यावे, पायाला झालेली लहानशी जखम कशी जपावी, याचा निर्णय त्याचा त्यालाच किंवा त्याच्या घरच्यांना घ्यावा लागतो. हे निर्णय वर्षानुवर्षे चुकत गेल्यास डोळ्यांचे जालपटल, मूत्रपिंडे, तंत्रिका व रक्तवाहिन्या यांना इजा पोहोचते. अमेरिका व कॅनडा येथे १,४४१ रुग्णांवर केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन चाचणीत, इन्शुलीनावर अवलंबून असलेल्या रुग्णांनी रक्तशर्करेवर कसोशीने नियंत्रण ठेवल्यास जालपटलाचा विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो, असे सिद्ध झाले. म्हणजेच रोगाचे भवितव्य पुष्कळ अंशी रोग्याच्या रोजच्या वागणुकीवर अवलंबून असते आणि ही वागणूक केवळ चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. ती शिकावी लागते.

प्राचीन काळ : चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे प्रकार वर्णिलेले असून मधुमेह हा त्यांपैकी एक होय. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज म्हणजे जन्मतः लाभलेला आणि अपथ्यामुळे उद्भवलेला, असे दोन भेद केले आहेत. चिकित्सास्थानात निर्धन व निराधार रुग्णासाठी एक विशेष उपाय सांगितला आहे : त्याने पादत्राणे व छत्री यांवाचून, भिक्षान्नावर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र मुक्काम करून शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. शारीरिक श्रम व मिताहार यांचे महत्त्व त्या काळी ओळखले गेले होते, हे यावरून दिसते. परंतु हा रुग्ण एकटाच चालतो. औषध विकत घेण्याची ऐपत नसलेल्याने काय करावे, हा सुश्रुतापुढील प्रश्न मात्र आजही संपलेला नाही आणि साहाय्य गटांच्या इतिहासात तो वारंवार डोके वर काढतो.

इन्शुलीनाचा शोध व रुग्णाचे शिक्षण : फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी कॅनडातील टोराँटो येथे १९२१ मध्ये इन्शुलीन वेगळे केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्या अशुद्ध अर्काचा फारसा गुण आला नाही, परंतु जे. बी. कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने २३ जानेवारीपासून त्याची प्रकृती झपाट्याने सुधारली. पूर्वी हमखास मरणारी मुले आता जगू लागली. मात्र त्यांना रोज सुई टोचून घेणे भाग पडले. रुग्णालयाबाहेर हे काम रुग्णाने वा त्याच्या आईने करण्यावाचून गत्यंतर नव्हते. काचेची पिचकारी व सुई उकळून घेणे, मात्रा मोजणे आणि बेनेडिक्ट विद्रावात लघवीचे आठ थेंब टाकून तो तापविल्यावर निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी की विटकरी रंग येतो ते पाहणे, या गोष्टी घराघरांत शिकाव्या लागल्या. मध्यमवर्गीय मराठी घरांतही स्पिरिटचा दिवा व परीक्षानळी ही मधुमेह्याच्या खोलीची खूण होऊन बसली. रक्तशर्करा मोजणारी लहान यंत्रे घरगुती वापरासाठी १९८० च्या सुमारास उपलब्ध होईपर्यंत हीच पद्धत रूढ होती. बॉस्टन येथील इलियट जॉस्लिन (१८६९–१९६२) यांनी रुग्णांना एकत्र बसवून शिकविण्यावर भर दिला. त्यांनी रुग्णांसाठी लिहिलेली मार्गदर्शिका इन्शुलीनाच्या शोधाआधीच, १९१८ मध्ये प्रसिद्ध झाली होती.

संघटनांचा उदय : मधुमेह्यांसाठीची पहिली संघटना १९२६ मध्ये पोर्तुगालमधील लिस्बन येथे एर्नेस्तू रोमा या वैद्याने स्थापन केली. गरीब मधुमेह्यांना इन्शुलीन मिळवून देणे हा तिचा मूळ हेतू होता व तो तिच्या नावातच नमूद होता. इंग्लंडमध्ये विख्यात कादंबरीकार एच्. जी. वेल्स आणि डॉ. आर्. डी. लॉरेन्स यांनी १९३४ मध्ये मधुमेही संघ स्थापन केला. हे दोघेही स्वतः मधुमेही होते. लॉरेन्स यांचे प्राण तर १९२३ मध्ये इन्शुलीनमुळेच वाचले होते. वैद्य व रुग्ण एकाच व्यक्तीत एकवटल्यामुळे या संघात रुग्णाच्या अनुभवाला प्रारंभापासूनच प्रतिष्ठा लाभली. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची स्थापना १९५० मध्ये झाली. महासंघ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या पुढाकाराने १९९१ पासून बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. समदुःखी व्यक्तींचे साहाय्य हा मधुमेहोपचाराचा स्वतंत्र भाग मानून त्याचा पद्धतशीर विचार जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २००७ मध्ये जिनीव्हा येथे बोलाविलेल्या तज्ञांच्या बैठकीत झाला.

भारत व महाराष्ट्र : ‘डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया’ या संघटनेची स्थापना मुंबई येथे १९५५ मध्ये झाली. डॉ. एस्. एस्. आजगावकर हे तिच्या अध्वर्यूंपैकी एक होत. प्राचीन भारतीय वैद्यकातील मधुमेहविचार हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. रुग्णशिक्षण, तपासणी शिबिरे व संशोधन हे संघटनेचे कार्य असून माहीम येथील रहेजा रुग्णालय तिच्याशी निगडित आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाची नववी परिषद १९७६ मध्ये नवी दिल्ली येथे भरली. त्या काळी मधुमेह हा सुखवस्तू शहरी लोकांचा रोग समजला जाई. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७२–७५ या काळात केलेल्या पाहणीत शहरी भागात २·१ टक्के व ग्रामीण भागात १·५ टक्के लोकांत तो आढळला होता. परिषदेच्याच २००८–२० या काळातील व्यापक पाहणीत (अहवाल २०२३) प्रौढांतील हे प्रमाण ११·४ टक्क्यांवर गेल्याचे दिसून आले आणि देशातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज करण्यात आला. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्याने आकड्यांची काटेकोर तुलना करता येत नाही. परंतु वाढ प्रचंड आहे, याविषयी दुमत नाही. एवढ्या रुग्णांना वारंवार समजावून सांगण्याइतका वेळ कोणत्याही बाह्यरुग्ण विभागापाशी नसतो.

परस्पर-साहाय्याच्या अन्य परंपरा : मधुमेही गटांच्या कल्पनेला इतर रोगांच्या क्षेत्रांतूनही बळ मिळाले. मद्यासक्तांनी एकमेकांना सावरण्याची चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली व १९५७ मध्ये ती मुंबईत पोहोचली. पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनमुक्त झालेले पूर्वीचे रुग्णच नव्यांना आधार देतात, तसेच रुग्णांच्या पत्नींच्या सभाही भरतात. रोगाचा भार केवळ रोग्यावर नसून त्याच्या कुटुंबावरही असतो, ही त्यामागील जाणीव मधुमेहालाही लागू पडते.

कुष्ठरोगाशी असलेला संबंध याहून जवळचा आहे. कुष्ठरोग व दीर्घकालीन मधुमेह या दोन्हींत पायांच्या तंत्रिकांना इजा होऊन संवेदना नाहीशी होते. काटा रुतला, चटका बसला वा चप्पल लागली तरी रुग्णाला कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय तोडावा लागतो. वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांवर उपचार करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी अशा पायांच्या जखमांचे मूळ रोगजंतूंत नसून वेदनेच्या अभावात आहे, हे दाखवून दिले. मऊ सूक्ष्मकोशिकी रबराच्या चपला, भार सर्वत्र सारखा वाटून देणारा प्लॅस्टर आणि रोज पाय तपासण्याची सवय, हे कुष्ठरोगासाठी वापरले गेलेले उपाय पुढे मधुमेह्यांच्या पायांसाठीही स्वीकारण्यात आले. कुष्ठरुग्णांनी एकत्र बसून पाय भिजविणे, तेल लावणे व एकमेकांच्या जखमा पाहणे, अशा पद्धतीचे ‘स्वकाळजी गट’ १९९५ पासून इथिओपियात सुरू झाले व नंतर अन्य देशांतही पसरले. स्वतःच्या तळव्याची जखम स्वतःला सहजी दिसत नाही, ती समोर बसलेल्याला दिसते, हे या गटांमागील साधे सूत्र होय.

पनवेल परिसर : रायगड जिल्ह्यातील पनवेल हे या इतिहासाच्या अनेक धाग्यांना जोडणारे नगर आहे. येथील नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली व २०१६ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये येथे सुरू केलेल्या धूतपापेश्वर या आयुर्वेदीय औषधनिर्मितीसंस्थेमुळे वैद्यकाच्या क्षेत्रात पनवेलचे नाव सर्वदूर झाले. तालुक्यातील नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे; समाजाने दूर सारलेल्या रुग्णांनी एकत्र राहून श्रम करावे व सन्मानाने जगावे, या विचारावर ते उभे आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील तारा या गावी युसूफ मेहेरअली सेंटरचे कार्यक्षेत्र आहे. स्वातंत्र्यसैनिक डॉ. जी. जी. पारीख (मृत्यू २०२५) आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने ग्रामीण आरोग्यसेवा, शिक्षण व ग्रामोद्योग यांची सांगड घातली.

सिडको या महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाल्यावर नवी मुंबईच्या उभारणीसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादन करण्यात आल्या. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी व कराडी समाजांचे जीवन एका पिढीत पालटले. चिखलणी, लावणी व मळणी यांतील श्रम गेले. त्यांच्या जागी बैठी नोकरी, वाहन किंवा भाड्याचे उत्पन्न आले. ताटातील भात मात्र कायम राहिला. अशा स्थितीत आहाराचा छापील तक्ता कुचकामी ठरतो. त्यात पोळी, सफरचंद व कोशिंबीर यांचा उल्लेख असतो, तर घरात तांदळाची भाकरी, भात व मासळीचे कालवण असते. भाकरी किती मोठी, भातासोबत डाळ वा मासळी किती, सुकी मासळी खारट असल्याने रक्तदाब असलेल्याने ती किती खावी, लग्नाच्या हळदीला जेवताना हात कोठे आखडावा, या प्रश्नांची उत्तरे त्याच आळीत राहणारा, तेच जेवण जेवणारा व साखर आटोक्यात ठेवणारा मनुष्य अधिक नेमकेपणाने देऊ शकतो. गाव सोडून नव्याने वसलेल्या वसाहतींत आलेल्यांची अडचण वेगळी : तेथे शेजार नवा असतो व आजार सांगावा असे माणूस जवळ नसते. दोन्ही ठिकाणी भजनी मंडळ, महिला बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ व सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा मेळा ही एकत्र येण्याची तयार साधने होत. साहाय्य गट वेगळा उभारण्यापेक्षा त्यांना जोडून घेतल्यास तो अधिक टिकतो.

स्वरूप व कार्यपद्धती : गटात सामान्यतः दहा ते वीस व्यक्ती असतात व आठवड्यातून वा महिन्यातून एकदा त्या भेटतात. प्रत्येकाने मागील काळातील साखरेचे आकडे, झालेल्या चुका व सुचलेले उपाय सांगावेत, अशी रीत असते. चर्चेतून मिळणारे ज्ञान बहुधा बारीकसारीक, परंतु प्राणरक्षक असते. उदा., भारतात इन्शुलीन दर मिलिलिटरमध्ये ४० एकके व १०० एकके अशा दोन तीव्रतांत मिळते आणि त्यांच्या पिचकाऱ्या निरनिराळ्या असतात. पहिलीचे टोपण लाल, तर दुसरीचे नारिंगी असते. १०० एककांचे इन्शुलीन ४० च्या पिचकारीत त्याच खुणेपर्यंत भरल्यास मात्रा अडीचपट होते व साखर घातक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, भूक व भ्रम ही साखर उतरल्याची लक्षणे होत. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावयाची असते. प्रशीतक नसलेल्या घरात इन्शुलीनची कुपी पाण्याने ओलसर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात सांभाळता येते. उपवास, पंगत, रात्रपाळी व लांबचा प्रवास यांबाबतचे अनुभवही अशा बैठकांतूनच एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

बालके व स्त्रिया : लहानपणीच जडणाऱ्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलीन हेच जीवन असते. नागपूर येथे डॉ. शरद पेंडसे यांनी स्थापन केलेला ‘ड्रीम ट्रस्ट’ आणि औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था, यांनी अशा मुलांना औषधाबरोबरच शिक्षण व सोबत देण्याचे कार्य केले आहे. आपल्यासारखेच दुसरे मूल स्वतः सुई टोचून घेताना पाहिल्यावर मुलाची भीती ओसरते, तसेच त्याच्या आईचा अपराधभावही कमी होतो. मुलींच्या बाबतीत विवाह जमणार नाही या भयाने रोग लपविण्याची प्रवृत्ती असते. लपवून ठेवलेला रोग म्हणजे चुकविलेली मात्रा, हे समीकरण गटातील मोठ्या मुलीच अधिकाराने समजावून सांगू शकतात. प्रौढ स्त्रियांपुढील प्रश्न वेळेचा असतो. सर्वांच्या शेवटी जेवणारी व उरलेसुरले संपविणारी गृहिणी स्वतःसाठी वेगळा पदार्थ करण्यास संकोचते. गटाची वेळ स्वयंपाकाच्या वेळेशी जुळत असेल, तर तीच स्त्री सर्वप्रथम गैरहजर राहते.

शासकीय कार्यक्रम व लोकचळवळी : कर्करोग, मधुमेह, हृद्‌रोग व पक्षाघात यांच्या नियंत्रणासाठी केंद्र शासनाने २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०१८ पासून उभारलेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या मार्गदर्शक सूचनांत आशा स्वयंसेविकांच्या मदतीने रुग्ण-साहाय्य गट स्थापण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात याच सुमारास एक निराळी लोकचळवळही फोफावली. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या व्याख्यानांपासून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धती प्रसृत केली. भ्रमणध्वनीवरील गटांतून हजारो लोक आपले वजन व साखर एकमेकांना कळवू लागले. या पद्धतीच्या गुणावगुणांविषयी वैद्यकीय क्षेत्रात मतभेद आहेत व इन्शुलीन घेणाऱ्यांनी तज्ञाच्या देखरेखीवाचून जेवणे कमी करणे धोक्याचे आहे. तथापि मराठी समाजात मधुमेहाविषयी उघडपणे बोलण्याचा संकोच या चळवळीने पुष्कळ अंशी घालविला, हे नमूद केले पाहिजे.

मूल्यमापन व मर्यादा : अशा गटांचा परिणाम मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. केरळमध्ये ६० मतदानक्षेत्रांतील १,००७ व्यक्तींवर केलेली चाचणी (निष्कर्ष २०१८) या दृष्टीने महत्त्वाची आहे. मधुमेहाचा धोका असलेल्या, परंतु तो न जडलेल्या व्यक्तींचे गट करण्यात आले व स्थानिक रहिवाशांमधूनच निवडलेल्या प्रमुखांनी ते वर्षभर चालविले. दोन वर्षांनंतर या गटांतील १४·९ टक्के, तर इतरांतील १७·१ टक्के व्यक्तींना मधुमेह जडला. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरला नाही. मात्र फळे व भाज्या यांचे सेवन आणि मद्यपानातील घट यांबाबत चांगला परिणाम दिसून आला. गटांकडून चमत्काराची अपेक्षा करू नये, हे यावरून स्पष्ट होते.

गटांचे दोषही ध्यानात घेण्याजोगे आहेत. एखाद्याला लागू पडलेला काढा वा पथ्य सर्वांनाच लागू पडेल अशी समजूत पसरते. कोणी औषध सोडून बरे झाल्याचे सांगतो व दुसरा त्याचे अनुकरण करून अत्यवस्थ होतो. म्हणून गटाशी प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीचा नियमित संबंध असणे आवश्यक मानले जाते. जे नियमाने येतात ते बहुधा आधीपासूनच दक्ष असतात. वीटभट्टीवरील मजूर, रात्रपाळीचा वाहनचालक वा घरकाम करणारी स्त्री यांच्यापर्यंत गट क्वचितच पोहोचतो. शिवाय औषधाचा पुरवठा खंडित असेल, तर कितीही मोलाचा सल्ला व्यर्थ होय. लिस्बनच्या संघटनेने १९२६ मध्ये गरिबांच्या इन्शुलीनपासून कार्यारंभ केला, तो याच कारणासाठी. औषध नियमित मिळण्याची हमी आणि ते घेण्याचे बळ देणारी सोबत, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच दीर्घकालीन रोगाचा भार रोग्याला पेलवतो. सुश्रुताने सांगितलेली शंभर योजनांची वाट आजच्या मधुमेह्यालाही जन्मभर चालावयाची आहे. ती त्याला एकट्याने चालावी लागू नये, हे या गटांचे प्रयोजन होय.